ऑक्टोबर दोन, कोपर एक

पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू उजवं कोपर डाव्या हाताने धरून माझ्यासमोर बसल्या होत्या. पाच महिने दुखत होतं. चहाचा कप उचलला की कळ, कुलपात किल्ली फिरवली की कळ, आणि फडकं पिळताना तर डोळ्यांत पाणी. तपासून झालं. "टेनिस एल्बो आहे," मी म्हणालो. त्यांनी एका क्षणात निर्णय दिला, "म्हणजे सचिनला झालं होतं तेच ना? मग त्याचं ऑपरेशन झालं तसं माझंही करून टाका डॉक्टर. एकदाचं मोकळं होऊ दे."

हे वाक्य मी थोड्याफार फरकाने सुतारांकडून, रंगाऱ्यांकडून, बँकेतल्या कारकुनांकडून ऐकलं आहे. सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपराने एका आजाराचं इंग्रजी नाव मराठी घराघरांत पोहोचवलं. पण त्या प्रकरणाचं एकच पान तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं: लंडनला गेला, ऑपरेशन झालं, परत येऊन खेळला. आधीची आणि नंतरची पानं गळली. ती जोडून हे प्रकरण पुन्हा मांडावं असं मला बरेच दिवस वाटत होतं. सचिनला मी तपासलेलं नाही. तारखा आणि धावा सगळ्या देशासमोर घडल्या, त्यांचा वैद्यकीय अर्थ मात्र माझा आहे.

हॉलंडमध्ये सुरू झालेलं दुखणं

२००४ हे वर्ष सचिनसाठी मोठ्या खेळींनी उजाडलं होतं. जानेवारीत सिडनीत नाबाद २४१, मार्चमध्ये मुलतानला नाबाद १९४. तेव्हा तो ३१ वर्षांचा होणार होता आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये त्याची १४ वर्षं उलटून गेली होती. ऑगस्टमध्ये भारतीय संघ तिरंगी स्पर्धेसाठी हॉलंडमधल्या अ‍ॅम्स्टलवीनला गेला. पावसाने ती स्पर्धा धुऊन नेली, आणि तिथेच सचिनच्या डाव्या कोपराचं दुखणं समोर आलं. त्यानंतरची इंग्लंडमधली चॅम्पियन्स करंडक स्पर्धा तो खेळला नाही. ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ आला, तेव्हा बंगळुरू आणि चेन्नईच्या कसोटींतही तो नव्हता.

उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचं डावं कोपर का दुखावं, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. उत्तर बॅट धरण्यात आहे. उजव्या फलंदाजाचा डावा हात दांड्यावर वर असतो. बॅटची दिशा तो ठरवतो आणि सरळ बॅटने खेळताना बहुतेक भार तोच वाहतो. चेंडू बॅटच्या मधोमध न लागता कडेला किंवा तळाशी लागला की बॅट हातात वळू पाहते, तिला आवरण्याचं कामही मुख्यतः त्याच मुठीवर येतं. सचिनची बॅट तीन पौंडांहून जड होती. त्यात भर म्हणजे तो लिहितोही डाव्या हाताने.

आता एक करून पाहा. एका हाताची मूठ घट्ट आवळा आणि दुसऱ्या हाताने कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूचं मांस चाचपा. ते दगडासारखं कडक झालेलं लागेल. मूठ वळवणारे स्नायू तर हाताच्या आतल्या बाजूला असतात, मग बाहेरचे का आवळले? कारण बोटं आवळणारे स्नायू मनगटालाही आत ओढतात. ते आत वळलं तर पकड ढिली पडते. म्हणून मनगट मागे धरून ठेवणारे बाहेरचे स्नायू प्रत्येक पकडीच्या वेळी कामाला लागतात. बॅट असो, लाटणं असो की रंधा, पकड आली की हे स्नायू आले. त्यांच्यातला एक, एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस, कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर एका छोट्याशा कंडरेने, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीने, चिकटलेला असतो. सारा तमाशा त्या कंडरेच्या मुळाशी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत घडतो.

या आजाराला टेनिसचं नाव १८८०च्या दशकात मिळालं, लॉन टेनिस इंग्लंडात नवं होतं तेव्हा. त्याआधी १८७३ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने लिहिताना होणारा त्रास म्हणून तो नोंदवला होता. माझ्या दवाखान्यात या दुखण्याने आलेल्यांपैकी बहुतेकांनी रॅकेट कधी हातात धरलेलीच नाही.

सूज नव्हे, झीज

टेनिस एल्बोबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज खुद्द डॉक्टरांच्या भाषेने पसरवला. वैद्यकीय नावाच्या शेवटी 'आयटिस' लावलं की ऐकणाऱ्याला सूज आली असंच वाटतं. मग सुजेवरच्या गोळ्या, बर्फ, इंजेक्शन आणि दोन आठवड्यांत बरं होण्याची अपेक्षा. पण अशा कोपरातून काढलेली कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर सुजेच्या पेशी जवळजवळ सापडत नाहीत. दिसतात ते विस्कटलेले तंतू. निरोगी कंडरेत कोलॅजनचे धागे काथ्याच्या दोरीसारखे एका दिशेने पीळ घेऊन बसलेले असतात. इथे ते पिंजलेल्या कापसासारखे झालेले असतात, मध्येमध्ये कामाच्या नसलेल्या बारीक रक्तवाहिन्या शिरलेल्या. शरीराने दुरुस्ती सुरू केली, पण ती पुरी होण्याआधी पुन्हा भार आला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा भार आला. अर्धवट राहिलेल्या दुरुस्त्यांचा तो थर असतो.

हे एकदा समजलं की उपचारांचा क्रम आपोआप लागतो. कंडरेला रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यामुळे तिची दुरुस्ती आठवड्यांत मोजता येत नाही, महिन्यांत मोजावी लागते. भार पूर्ण काढून घेतला तर ती आणखी अशक्त होते, म्हणून हात गळ्यात बांधून बसायचं नाही. भार कमी करायचा, मग मोजूनमापून वाढवत न्यायचा. मनगट वर उचलून, वजन हातात घेऊन सावकाश खाली सोडण्याचा साधा व्यायाम हा या आजारावरच्या उपचारांचा कणा आहे. कोपराखाली बांधायचा पट्टा थोडा आराम देतो. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात शस्त्रक्रियेविना शमतं.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल मला तीव्र मत आहे, ते लपवत नाही. ब्रिस्बेनमध्ये १९८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला नुसता सल्ला आणि वाट पाहणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांच्या पुढे होते. वर्ष सरलं तेव्हा तेच मागे पडले होते, बऱ्या वाटलेल्यांपैकी बहुतेकांचं दुखणं उलटलं होतं. कळ थांबल्यामुळे माणूस पुन्हा पूर्ण भार टाकतो आणि औषध स्वतःही कंडरेच्या बांधणीला मानवत नाही. लग्नकार्य तोंडावर आलेल्या आचाऱ्याने "एक सुई मारा" म्हटलं की मला त्याची अडचण कळते, तरीही मी त्याला हा अभ्यास मराठीत समजावून सांगतो.

पहिलं नागपूर

२६ ऑक्टोबर २००४. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं मैदान, ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिसरी कसोटी. मालिकेत भारत मागे, खेळपट्टीवर हिरवं गवत, कर्णधार सौरव गांगुली संघाबाहेर. अशा वेळी सचिन परतला. दुखणं समोर आल्यापासून जेमतेम नऊ-दहा आठवडे झाले होते. पहिल्या डावात ८, दुसऱ्यात २. भारत ३४२ धावांनी हरला आणि ३५ वर्षांनी ऑस्ट्रेलियाने भारतात मालिका जिंकली.

त्या ८ आणि २ धावांचा दोष कोपराला देणं अन्यायाचं होईल. त्या खेळपट्टीवर धडधाकट फलंदाजही उभे राहिले नाहीत. पण परतण्याची वेळ म्हणून पाहिलं, तर ती फार लवकरची होती असं माझं मत आहे. नऊ-दहा आठवड्यांत कळ ओसरते, कंडरा भरून येत नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि खेळाडूला, निवडकर्त्याला, घरच्यांना फक्त पहिलीच दिसते. त्यात तेव्हाच्या लाखो लोकांच्या अपेक्षा धरा. मीही त्यांतलाच एक होतो, तो परत येतोय म्हणून आनंदाने नाचलो होतो.

पुढचे महिने या आजाराचा लबाड स्वभाव दाखवतात. मुंबईच्या कसोटीत अवघड खेळपट्टीवर ५५. डिसेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाविरुद्ध नाबाद २४८, कारकिर्दीतली सर्वोच्च कसोटी खेळी आणि गावसकरांच्या ३४ शतकांशी बरोबरी. मार्च २००५ मध्ये कोलकात्यात पाकिस्तानविरुद्ध १०,००० कसोटी धावा पूर्ण. एप्रिलमध्ये अहमदाबादला एकदिवसीय सामन्यात १२३. मग पुढच्याच महिन्यात शस्त्रक्रियेची वेळ कशी आली?

झिजलेली कंडरा 'तापते'. सकाळी पहिल्या हालचालींना ती ओरडते, अर्ध्या तासाने गप्प होते, दिवसभर काम करू देते आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी हिशेब चुकता करते. पोळ्या लाटणाऱ्या काकूंनीही मला नेमकं हेच सांगितलं होतं: पहिल्या पंचवीस पोळ्या जड जातात, मग हात सुटतो, आणि रात्री उशीवर कुठे ठेवावा कळत नाही. मोठी खेळी झाली म्हणजे कोपर बरं आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट हात सुटल्यावर त्याच्याकडून जास्तीचं काम घेतलं जातं. त्या सात महिन्यांत सचिन जे खेळला त्याचा मला आजही अभिमान आहे, आणि त्याच महिन्यांनी त्याला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेलं असावं असंही मला वाटतं.

लंडन, मे २००५

टेनिस एल्बोच्या शस्त्रक्रियेचा पाया अमेरिकन शल्यविशारद रॉबर्ट निर्शल यांनी घातला. १९७९ साली त्यांनी आणि पेट्रोन यांनी प्रसिद्ध केलेल्या कामातले दोन आकडे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो: तपासलेली प्रकरणं १,२१३, शस्त्रक्रिया केलेली कोपरं ८८. ज्या माणसाने ही शस्त्रक्रिया रूढ केली, त्यानेच शंभरातल्या नव्वदांहून अधिक रुग्णांना सुरी लावली नाही. ज्यांना लावली त्यांतल्या ८५ टक्क्यांच्या आसपास लोक पूर्वीच्या सगळ्या कामांना, खेळांना परतले.

शस्त्रक्रिया तशी छोटी. खुल्या पद्धतीत कोपराच्या बाहेरच्या बाजूला दीड-दोन इंचांचा छेद घ्यायचा. वरचा स्नायू बाजूला सारला की खालची रोगट कंडरा दिसते. निरोगी कंडरा पांढरीशुभ्र, चकचकीत आणि चिवट असते. ही करडी, निस्तेज आणि नखाने खरवडली तरी निघेल अशी. तेवढीच काढून टाकायची. मग हाडाचा पृष्ठभाग खरवडून किंवा त्याला बारीक छिद्रं पाडून रक्त येऊ द्यायचं, म्हणजे दुरुस्तीचं सामान नव्याने तिथे पोहोचेल. वरचे थर शिवायचे. हेच काम दुर्बिणीतूनही करता येतं. जपायचं असतं ते शेजाऱ्यांना: मागच्या बाजूचा सांध्याला आधार देणारा अस्थिबंध, जो कापला गेला तर कोपर कायमचं डळमळीत होतं, आणि पुढून जाणारी मज्जातंतूची फांदी, जिच्यावर बोटं सरळ करण्याची ताकद अवलंबून असते.

इथे एक फरक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०१९च्या मे महिन्यात भालाफेकपटू नीरज चोप्राच्या उजव्या कोपराची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. त्याच्या सांध्यात हाडाचे सुटे तुकडे होते. दरवाज्याच्या बिजागरीत खडा अडकावा तसं ते असतं. खडा व्यायामाने विरघळत नाही, तो काढावाच लागतो. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर भाला फेकून तो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. दोघांचं कोपर, दोघांचं ऑपरेशन, पण आजार पूर्ण निराळे. नुसतं 'कोपराचं ऑपरेशन' म्हणून दोन्ही एका टोपलीत टाकणं चुकीचं आहे.

सचिनची शस्त्रक्रिया मे २००५च्या अखेरीस लंडनमध्ये झाली. त्यानंतर बॅट उचलणंही जमत नव्हतं, पुन्हा खेळता येईल की नाही याची भीती वाटत होती, हे त्याने नंतर स्वतः अनेकदा सांगितलं आहे. ते वाचून लोक हळहळतात. मला त्यात उपचाराचा नेहमीचा क्रम दिसतो. पहिला आठवडा-दीड आठवडा आधार. मग कोपर आणि मनगट स्वतःच्या ताकदीने हलवणं. सहा आठवड्यांच्या सुमाराला पहिल्यांदा हलकं वजन. तिसऱ्या महिन्यात पकड, चौथ्यात खेळाच्या हालचाली. मधल्या काळात हात परका वाटतो. जगातला सर्वोत्तम फलंदाजही त्याला अपवाद नव्हता, हे मी रुग्णांना मुद्दाम सांगतो, कारण तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला वाटतं की आपलंच ऑपरेशन फसलं.

आता या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. २०१८ साली सिडनीच्या शल्यविशारदांनी एक धाडसी चाचणी प्रसिद्ध केली. रुग्ण फक्त २६. अर्ध्यांची निर्शल पद्धतीने शस्त्रक्रिया केली. उरलेल्या अर्ध्यांना तसाच छेद घेतला, कंडरा उघडी केली, पण रोगट भाग न काढता शिवून टाकलं. कोणाचं काय केलं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. चाचणी लहान आहे, एवढ्यावर शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरत नाही, आणि निवडक रुग्णांना मी अजूनही ती सुचवतो. पण मग सुधारणा कशाने झाली, हा प्रश्न टाळता येत नाही. टाका घातलेला हात कोणी कामाला लावत नाही. घरचे परात उचलू देत नाहीत. मालक सुट्टी देतो. शस्त्रक्रियेने रोगट कंडरा काढली, आणि जोडीला आजवर कोणीच मंजूर न केलेली रजाही मिळवून दिली.

सचिनला ऑक्टोबर २००४ मध्ये पाच महिने कोण देणार होतं? मे २००५ मध्ये मात्र ते सगळ्यांनी निमूटपणे दिले. त्या पाच महिन्यांत भारतीय संघ श्रीलंकेत खेळला, झिम्बाब्वेत खेळला, आणि कोणीही त्याला बोलावणं धाडलं नाही.

दुसरं नागपूर

२५ ऑक्टोबर २००५. तेच शहर, तेच मैदान, पहिल्या परतीला एक दिवस कमी वर्ष. समोर श्रीलंका, एकदिवसीय सामना, राहुल द्रविड कर्णधार. सचिन सलामीला आला आणि ९६ चेंडूंत ९३ धावा करून गेला. भारत १५२ धावांनी जिंकला. डिसेंबरमध्ये दिल्लीत त्याने ३५वं कसोटी शतक केलं आणि गावसकरांना मागे टाकलं. पुढे २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरला नाबाद २००, तेही याच कोपराने.

दोन्ही परतींत हात तोच होता. पहिल्या वेळी कळ गेली म्हणून तो परतला, दुसऱ्या वेळी कंडरेला वेळ मिळाला म्हणून. मला या दोन सामन्यांची चित्रफीत शेजारी शेजारी लावून शिकाऊ फिजिओंना दाखवायला आवडते.

काकूंना मी हे सगळं सांगितलं, अर्थात इतकं लांबण न लावता. त्यांना पाच महिने केंद्र बंद ठेवणं शक्य नव्हतं, तसं मी सुचवलंही नाही. कणीक मळायला यंत्र आलं. लाटायला आणखी एक बाई ठेवली, म्हणजे सलग लाटणं थांबलं. जड काही उचलायचं तर तळहात वर ठेवून, दोन्ही हातांनी. लाटण्याच्या मुठींवर कापड गुंडाळून त्या जाड केल्या, कारण बारीक मूठ जास्त आवळावी लागते. आणि दिवसातून दोन वेळा, पाण्याची लिटरची बाटली अर्धी भरून, हात टेबलावर टेकवून मनगटाचा तो सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम. पहिले दोन महिने त्या दर भेटीत "काही फरक नाही" म्हणत आल्या. तिसऱ्या महिन्यात म्हणाल्या नाहीत, पण बरं वाटतंय असंही म्हणाल्या नाहीत. सातव्या महिन्यात शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा पिशवीतून तीच बाटली काढली. ती काठोकाठ भरलेली होती. टेबलावर हात टेकवून त्यांनी मला पंधरा वेळा करून दाखवलं, मोजत.